रियाज नेमका होतो कधी?

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरी, टेक्सस विद्यापीठात, संगीताचं उच्च शिक्षण घेणारे १७ पियानोवादक एकेक करून एका खोलीत बसले. समोर शोस्ताकोविचच्या पहिल्या पियानो कन्चेर्तोतला एक तुकडा होता. जेमतेम तीन बारांचा, वाजवायला काही सेकंद पुरावेत एवढा, पण बोटांची चांगलीच परीक्षा पाहणारा. सूचना साधी होती. हवा तेवढा वेळ सराव करा, उद्या ठरलेल्या लयीत वाजवायचं आहे. कुणी थोडक्यात समाधान मानून उठला, कुणी जवळजवळ तासभर घासत बसला. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने तो तुकडा १५ वेळा वाजवला आणि रॉबर्ट ड्यूक यांनी, एमी सिमन्स व कार्ला डेव्हिस कॅश या सहकाऱ्यांसह, कुणाचं वाजवणं सर्वांत नेटकं याची क्रमवारी लावली. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला.

उत्तर आपल्याकडे कुणीही आधीच सांगून टाकलं असतं: जो जास्त बसला तो पुढे. तसं झालं नाही. किती मिनिटं सराव केला याचा दुसऱ्या दिवशीच्या क्रमांकाशी संबंधच लागला नाही. किती वेळा वाजवलं याचाही नाही. एवढंच काय, किती वेळा बरोबर वाजवलं यानेही फरक पडला नाही. फरक पडला तो चुकलेल्या आवृत्त्यांनी. एकूण वाजवण्यात चुकीचं वाजवणं किती होतं, यावर क्रमांक ठरला.

पहिले आलेले तिघे मुळात चुकतच नव्हते, असंही नव्हे. सुरुवातीला तेही इतरांसारखेच अडखळले. पण चूक झाली की ते जागच्या जागी थांबत. नेमका कोणता स्वर घसरला ते शोधत, तेवढीच जागा लय खाली आणून वाजवत आणि ती पक्की झाल्याशिवाय पुढे सरकत नसत. एरवी माणूस काय करतो हे क्लासच्या दारात पाच मिनिटं उभं राहिलं तरी ऐकू येतं. तान घसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरू, पुन्हा त्याच जागी घसरगुंडी, पुन्हा पहिल्यापासून. सोपा भाग दर फेरीत अधिक सोपा होतो आणि अवघड जागा दर फेरीत त्याच चुकीसकट पाठ होते.

मज्जापेशींना बरोबर आणि चूक यांतला फरक कळत नाही, ही या सगळ्याची गंमत आहे. एकामागोमाग एक ज्या पेशी जाग्या होतात त्यांचं आपसातलं नातं घट्ट होतं, त्यांच्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण सरावाने बदलतं, आणि तो रस्ता पुढच्या खेपेला आधी सापडतो. रस्ता चुकीचा असला तरी हेच होतं. घोटून घोटून बसवलं, असं आपण कौतुकाने म्हणतो. चूकही तशीच बसते.

आणि मेंदूला चूक कळत नाही असं म्हणावं, तर त्याहून चक्रावणारी गोष्ट पुढे येते. २००९च्याच सुमारास जर्मनीतल्या दोन वेगवेगळ्या गटांनी पियानोवादकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या. अनुभवी वादक चुकीची पट्टी दाबण्याआधीच, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, मेंदूत चुकीची खूण उमटलेली दिसली. बोट थांबवायला तेवढा वेळ पुरत नाही. तरीही चुकीच्या पट्ट्या बरोबर पट्ट्यांपेक्षा जरा हलक्या दाबल्या गेल्या होत्या. म्हणजे स्वर कानावर पडायच्या आत मेंदूला चाहूल लागली होती, आणि उरलेल्या निसटत्या क्षणात त्याने हात शक्य तितका मागे घेतला होता. मुरलेल्या साथीदाराच्या चुका श्रोत्यांना फारशा ऐकू येत नाहीत, त्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

आता तासांचं. शेंडी खुंटीला बांधून रात्रभर केलेल्या मेहनतीच्या कथा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या कथा तर तबल्याच्या प्रत्येक घराण्यात आहेत. पश्चिमेकडे त्यांची जागा दहा हजार तासांनी घेतली. हा आकडा गाजवला माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकाने. त्याचं मूळ आहे आंडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या शोधनिबंधात. पश्चिम बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांनी वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत एकट्याने किती सराव केला, याचा हिशेब त्यांनी मांडला. सर्वोत्तम विद्यार्थ्यांचा सरासरी आकडा सुमारे ७,४०० तास आला, त्याखालच्या गटाचा सुमारे ५,३००, आणि पुढे शाळेत संगीत शिकवणार असलेल्यांचा सुमारे ३,४००. आकडे ठसठशीत आहेत. पण २०१९ साली ब्रुक मॅक्नमारा आणि मेघा मैत्रा यांनी तोच अभ्यास अधिक काटेकोरपणे पुन्हा केला, तेव्हा सर्वोत्तम आणि चांगल्या गटांतला तासांचा फरक उरलाच नाही. त्याआधी, २०१४ साली, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात संगीतातल्या माणसामाणसांतल्या फरकाचा सुमारे २१ टक्के भाग सरावाच्या खाती जमा झाला होता. २१ टक्के म्हणजे थोडे नव्हेत. पण उरलेले ७९ कुठून येतात, हा प्रश्न घड्याळ लावून बसणाऱ्याला सुटत नाही.

बर्लिनच्या त्या निबंधातली एक नोंद मात्र आकड्यांच्या गर्दीत हरवली, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते. वरच्या गटांतले विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त झोपत. रोज सरासरी साडेआठ तासांच्या आसपास. दुपारची डुलकी काढण्यातही ते पुढे होते. सराव ते प्रामुख्याने सकाळी, मन ताजं असताना करत, आणि मध्ये विश्रांती घेत.

झोपेला आळस समजणाऱ्या गुरुजनांसाठी २००२चा एक प्रयोग सांगायला हवा. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी लोकांना बोटांनी एक छोटा क्रम टंकायला शिकवला. पाच आकडे, पुन:पुन्हा. सकाळी शिकून दिवसभर जागं राहिलेल्यांची गती संध्याकाळी फारशी वाढली नाही. संध्याकाळी शिकून रात्री झोपलेल्यांची गती सकाळी सुमारे २० टक्क्यांनी वाढलेली होती, अचूकपणा न गमावता. मधल्या काळात त्यांनी एकदाही सराव केला नव्हता. ड्यूक आणि सिमन्स यांनी नंतर पियानोच्या पट्ट्यांवरल्या छोट्या धुना घेऊन असंच करून पाहिलं आणि तिथेही झोपेने हात सुधारला. रात्री जमत नसलेली जागा सकाळी सहज निघते, हा अनुभव हार्मोनियम शिकणाऱ्या पोरालाही असतो. आपण त्याचं श्रेय सकाळच्या प्रसन्न वातावरणाला देऊन मोकळे होतो.

पुढे हा शोध रात्रीवरून सेकंदांवर आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोएन यांच्या प्रयोगशाळेने २०१९ साली २७ जणांना असाच बोटांचा क्रम दिला. दहा सेकंद वाजवा, दहा सेकंद थांबा, पुन्हा दहा सेकंद वाजवा. सुरुवातीच्या टप्प्यातली प्रगती त्यांनी बारकाईने मोजली. वाजवण्याच्या दहा सेकंदांत गती जवळजवळ वाढतच नव्हती. ती वाढलेली दिसे थांबल्यानंतरच्या पहिल्या काही टकटकींत. म्हणजे विश्रांतीत. २०२१ साली त्याच गटाने या थांब्यांमधल्या मेंदूच्या हालचाली टिपल्या, तेव्हा हात स्वस्थ असताना मेंदू तोच क्रम सुमारे २० पट वेगाने आतल्या आत पुन:पुन्हा फिरवत असल्याचं दिसलं. यावर वाद आहे, आणि तो सांगितलाच पाहिजे. थांब्यातली ही वाढ म्हणजे शिकणं नसून नुसता उतरलेला थकवा आहे, असं काही संशोधक ठामपणे म्हणतात. निकाल लागायचा आहे. पण एक बंदिश दहा वेळा सलग म्हणायची की दोनदा म्हणून घोटभर पाणी प्यायचं, यांत पाणी पिणाऱ्याचं काही बिघडत नाही, एवढं तरी आजच म्हणता येतं.

हे सगळं एका ठिकाणी येऊन मिळतं. शिकणं ज्या क्षणी घडतं तो क्षण शिकणाऱ्याला दिसत नाही. त्याला जाणवतो तो फक्त हात चालण्याचा सुखद वेग, आणि त्यालाच तो प्रगती समजतो. या गैरसमजाचा सर्वांत सुंदर पुरावा क्लॅरिनेटवादकांकडून मिळाला. कॅनडात क्रिस्टिन कार्टर आणि जेसिका ग्रान यांनी २०१६ साली दहा तयारीच्या क्लॅरिनेटवादकांना नव्या रचना दिल्या. काही रचना सलग १२ मिनिटं घ्यायच्या, एक संपली की दुसरी. काही मात्र तीन-तीन मिनिटांच्या पाळीने आलटून पालटून. एकूण वेळ तेवढाच. दुसऱ्या दिवशीचं वाजवणं ध्वनिमुद्रित करून जाणकारांकडून तपासून घेतलं, तेव्हा आलटून पालटून केलेला सराव एकंदरीत उजवा ठरला. फरक फार मोठा नव्हता, वादकही दहाच होते. पण खेळातल्या आणि प्रयोगशाळेतल्या हालचालींवर १९७९ पासून, जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांच्या प्रयोगापासून, हेच पुन:पुन्हा दिसत आलं आहे. आलटून पालटून सराव करताना माणूस जास्त चुकतो, वैतागतो, आपल्याला काहीच येत नाही असं त्याला वाटतं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच लक्षात जास्त राहिलेलं असतं.

कारण उघड आहे, एकदा कळल्यावर. एकच तान सलग वीस वेळा घेताना दुसऱ्या वेळेपासून मेंदूला काही आठवावं लागत नाही. तान समोरच असते. मध्ये दुसरं काही केलं की ती थोडी विसरते, आणि परत ओढून आणावी लागते. ती ओढून आणण्याची कसरत हाच खरा व्यायाम. विसरणं हे रियाजाचं नुकसान नसून त्याचा कच्चा माल आहे, असं म्हटलं तर क्लासमधले पालक माझ्या अंगावर येतील. पण कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्यॉर्क गेली कित्येक दशकं साधारण हेच सांगत आहेत.

तबल्याचा कायदा या नजरेने पाहावा. मूळ बोल ठरलेले, आणि विस्तार करायचा तो त्याच बोलांचे पलटे करून. बाहेरचा एकही बोल आत घ्यायचा नाही. पहिला पलटा, दुसरा पलटा, खाली-भरीची उलथापालथ, शेवटी तिहाई. ‘तिरकिट’ हाताखालून पन्नास वेळा जातं, पण दर वेळी वेगळ्या शेजाऱ्यांसोबत, वेगळ्या मात्रेवर. शिष्याला वाटतं आपण रचना वाजवतोय. प्रत्यक्षात त्याची बोटं तोच निकास प्रत्येक परिस्थितीत नव्याने शोधत असतात. गायकांकडे मेरुखंड आहे, मुंबईतल्या भेंडीबाजार घराण्याने जपलेला आणि अमीर खाँसाहेबांच्या गायकीतून सर्वदूर पोहोचलेला. सात स्वर, कुठलाही पुन्हा न घेता, जितक्या प्रकारांनी मांडता येतील तितक्या प्रकारांनी म्हणायचे. हे प्रकार होतात ५,०४०. सगळे पाठ करणं हा उद्देश नसतोच. पुढचा स्वर कोणता, हे गळ्याला कधीच गृहीत धरता येऊ नये, एवढं साधलं की झालं.

तबल्याकडे याहून हुशार हत्यार आहे, ते म्हणजे पढंत. हात तबल्याला लावण्याआधी बोल तोंडाने म्हणायचे, टाळी-खालीचा हिशेब हातावर ठेवून. तबल्याची भाषाच अशी की प्रत्येक अक्षर म्हणजे एक आघात. ‘ना’ म्हटलं की चाटेवर बोट, ‘गे’ म्हटलं की डग्ग्यावर, ‘धा’ म्हटलं की दोन्ही हात. म्हणजे तोंडाने बोल म्हणणारा माणूस खरं तर हातांना हुकूम सोडत असतो. हात तेवढे मांडीवर असतात. याने काही होतं का?

आल्व्हारो पास्कुआल-लिओने यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेलं काम वाचलं, तेव्हा मला पढंतच आठवली. पियानोला कधी हात न लावलेल्या लोकांना त्यांनी पाच बोटांचा एक साधा पाठ दिला. एक गट रोज दोन तास, असे पाच दिवस, खरोखर वाजवत होता. दुसरा गट तेवढाच वेळ पियानोसमोर बसून नुसती कल्पना करत होता. बोट हलवायचं नाही. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन बोटांचे स्नायू चालवणारा मेंदूचा भाग रोज मोजला जात होता. वाजवणाऱ्यांच्या मेंदूत तो भाग दिवसागणिक पसरत गेला. कल्पना करणाऱ्यांच्या मेंदूतही तो जवळजवळ तसाच पसरला. पाच दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा त्यांची मजल प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसापर्यंत पोहोचलेली होती. आणि फक्त दोन तासांच्या खऱ्या सरावानंतर ते पाचव्या दिवसाच्या बरोबरीला आले. आवाज न करता, वाद्याला न शिवता, तीन दिवसांचा रियाज झाला होता.

इथे कुमार गंधर्वांचं नाव टाळता येणार नाही. क्षयाच्या दुखण्याने त्यांचं फुप्फुस अधू झालं, गाणं बंद करायचा आदेश मिळाला, आणि १९४८ साली ते हवापालटासाठी देवासला आले. काही वर्षं ते गायले नाहीत. अंथरुणावर पडून माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. स्ट्रेप्टोमायसिनने दुखणं आटोक्यात आल्यावर ते पुन्हा गाऊ लागले, तेव्हा श्रोत्यांसमोर आला तो पूर्वीचा चमत्कारी मुलगा नव्हता. गाण्याची घडणच नवी होती, आणि पुढे लोकधुनांतून उगवलेले रागही तिच्यात आले. त्यांच्या मेंदूचा नकाशा काही कुणी काढलेला नाही, आणि प्रतिभेला प्रयोगशाळेच्या मापाने मोजायचा मोह मी आवरतो. पण गळा बंद असतानाही गाणं घडत राहतं, हे देवासच्या त्या वर्षांनी संशोधकांच्या कितीतरी आधी दाखवून दिलं होतं.

मेंदूचा हा मऊपणा दुसरीकडेही वाकतो. लिऑन फ्लायशर हे अमेरिकेतले आघाडीचे पियानोवादक. १९६४च्या सुमारास, वय अवघं छत्तीस, त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप आत वळू लागली. दुखत नव्हतं, स्नायू तुटला नव्हता. हा आजार म्हणजे फोकल डिस्टोनिया. त्यात मेंदूतल्या शेजारशेजारच्या बोटांच्या जागांमधल्या सीमा पुसट होतात, आणि एका बोटाला दिलेला हुकूम दुसऱ्यालाही पोहोचतो. व्यावसायिक वादकांत सुमारे शंभरात एकाला तो होतो. अति सराव हे त्याचं एकमेव कारण नाही, पण न थांबता, ताणाखाली, तीच हालचाल रेटत राहणं त्याला नक्कीच बोलावणं धाडतं. फ्लायशर यांनी तीन दशकं डाव्या हाताच्या रचना वाजवल्या, शिकवलं, संचालन केलं. बोट्युलिनम विषाच्या उपचाराने उजवा हात काहीसा परत आला, आणि २००४ साली त्यांची दोन्ही हातांची नवी ध्वनिमुद्रिका निघाली. दुखतंय तरी वाजव, असं सांगणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट कुणीतरी ऐकवायला हवी.

घरातलं झालं. आता मंच.

पाब्लो कासाल्स हे विसाव्या शतकातले बहुधा सर्वश्रेष्ठ चेलोवादक. १९०१ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरावर फिरताना एक दगड घरंगळत आला आणि त्यांचा डावा हात चेचला गेला. त्या क्षणी मनात पहिला विचार आला तो सुटकेचा, की आता चेलो वाजवावा लागणार नाही. हे त्यांनी स्वतःच आठवणींत सांगितलं आहे. हात बरा झाला, पुढे ते ७० वर्षं वाजवत राहिले, आणि मंचावर जाण्याआधीची भीती अखेरपर्यंत सोबतीला होती. ग्लेन गूल्ड यांनी १९६४ साली बत्तिसाव्या वाढदिवसाच्या आधीच मंचाला कायमचा रामराम ठोकला. अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रांच्या वादकांची १९८७ साली पाहणी झाली, तेव्हा उत्तर देणाऱ्या २,२१२ वादकांपैकी २७ टक्क्यांनी हृदयाची धडधड रोखणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या कधी ना कधी घेतल्याचं कबूल केलं. या गोळ्यांनी गज धरलेल्या हाताचा कंप थांबतो. भीती थांबतेच असं नाही. शिवाय ही हृदयावरची औषधं आहेत, दम्याच्या रुग्णाला धोक्याची, तेव्हा मैत्रिणीच्या पर्समधून मागून घ्यायची गोष्ट नव्हे.

घशाला कोरड, गार पडलेले तळवे, पोटात गोळा, हे सगळं अॅड्रेनलिनचं काम, आणि त्याने एकट्याने गाणं बिघडत नाही. गाणं बिघडतं ते भीतीपोटी माणूस स्वतःच्या हातांकडे बघू लागतो म्हणून. हजारो वेळा फिरलेली हालचाल मेंदूच्या खोल भागांनी आपल्याकडे घेतलेली असते. त्यात जाणिवेने मध्येच हात घातला, पुढचं बोट कोणतं असं विचारलं, की एकसंध साखळी सुट्या कड्यांत मोकळी होते. ड्यूक यांच्याच गटाने २०११ साली संगीताच्या विद्यार्थ्यांना पट्ट्यांवर एक तुकडा वाजवायला लावला. एकदा लक्ष बोटांकडे ठेवून, एकदा पट्ट्यांकडे, एकदा तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांकडे, एकदा निघणाऱ्या नादाकडे. लक्ष शरीरापासून जितकं दूर, तितकं वाजवणं समतोल.

आपल्या मैफलीत हे दूर लक्ष ठेवायची सोय मागेच बसलेली असते, तिला तानपुरा म्हणतात. गळ्याचा विचार सोडून जोडीच्या नादात स्वर मिसळवायचा, ही शिकवण मनःशांतीसाठी दिली जाते असं आपण समजतो. मला ती हालचालींच्या शास्त्राचीही शिकवण वाटते. मैफलीची रचनासुद्धा गायकाच्या बाजूने आहे. श्रोत्यांसमोरच वाद्यं जुळवा, मग विलंबित, मग सावकाश बढत. तयारीच्या ताना यायला अर्धा तास असतो, तोवर हृदयाचे ठोके खाली आलेले असतात. पाश्चात्त्य एकलवादकाला ही सवलत नसते. त्याला कधी कधी पहिल्याच सेकंदाला सर्वांत अवघड जागा वाजवावी लागते.

घाबरलेल्याला आपण सांगतो, शांत हो. २०१४ साली हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी या सल्ल्याची परीक्षा घेतली, आणि तीही कराओकेवर. काहींनी गाण्याआधी मोठ्याने म्हणायचं, मला भीती वाटतेय. काहींनी म्हणायचं, मला उत्साह आलाय. काहींनी काहीच नाही. यंत्राने सूर-तालाचे गुण दिले. उत्साहवाल्यांना सरासरी सुमारे ८१ टक्के, गप्प राहिलेल्यांना ६९, भीतीवाल्यांना ५३. उत्साहवाल्यांची छाती काही कमी धडधडत नव्हती. शरीरातली खळबळ तीच, तिला नाव वेगळं दिलं होतं. भाषण आणि गणितावरच्या त्यांच्या इतर प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असं म्हणणंही ‘उत्साह’ म्हणण्यापुढे फिकं पडलं.

एक मुद्दा मात्र मानसिक युक्त्यांनी सुटत नाही. घरी एखादी जागा दहाव्या वेळेला छान निघते आणि आपण ती येते असं धरतो. मंचावर दहावी वेळ नसते, पहिलीच असते. म्हणून मंचासाठीचा सराव म्हणजे स्वयंपाकघरातून उठून, हात न तापवता, शेजाऱ्याला समोर बसवून ती जागा एकदाच घेणं. बिघडली तर बिघडली. दिवसभराने पुन्हा एकदाच. सभाधीटपणा म्हणून जे काही असतं, त्यातला बराचसा भाग मला अशा पहिल्या वेळांची बेरीज वाटतो.

आणि बिघडलंच तर सावरायचं कुठून? मूळच्या रुमानियाच्या पियानोवादक गाब्रिएला इम्रे यांनी बाखच्या इटालियन कन्चेर्तोचा शेवटचा भाग बसवतानाचा सगळा सराव चित्रित केला. दहाएक महिन्यांत मिळून ३३ तास. मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी त्याचा एकेक बार तपासला. इम्रे यांनी रचनेत जागोजागी खुणा पेरल्या होत्या. इथे बोट बदल, इथे ही जागा मघासारखीच वाटेल पण वळण वेगळं आहे, इथे भाव पालटतो. मैफल जवळ आली तशा बोटांच्या खुणा मागे पडल्या, भावाच्या पुढे आल्या. दोनेक वर्षं ती रचना न वाजवता त्यांनी ती आठवणीने कागदावर उतरवली, तेव्हा भावाच्या खुणांपाशी आठवण शाबूत होती. नुसत्या बोटांच्या जागा विसरल्या होत्या. हातांची स्मृती साखळीसारखी असते, एक कडी तुटली की मागे जावं लागतं. अर्थाची स्मृती कुठेही उतरू देते.

गेल्या शतकाच्या अखेरीस ॲमस्टरडॅमच्या कन्सर्टगेबाव सभागृहात पोर्तुगीज पियानोवादक मारिया जुआंव पिरेस हे सगळं एकदमच करून बसल्या. दुपारचा खुला तालीमवजा कार्यक्रम, संचालक रिकार्दो शायी. ऑर्केस्ट्राने मोत्सार्टचा डी मायनर कन्चेर्तो सुरू केला, आणि पिरेस यांच्या लक्षात आलं की आपण तयारी करून आलोय ती मोत्सार्टच्याच दुसऱ्या कन्चेर्तोची. चित्रफितीत त्या डोक्याला हात लावतात, चेहऱ्यावरचा रंग उडतो. शायी काठी न थांबवता हसत समजावत राहतात, की हा तर तुम्ही गेल्याच हंगामात वाजवला होता. मग त्यांची पाळी येते आणि त्या वाजवतात, पाठ, अडखळल्याशिवाय.

त्या कन्चेर्तोत पियानो येण्याआधी ऑर्केस्ट्राची दोनेक मिनिटांची प्रस्तावना आहे, आणि त्यातला प्रत्येक सूर त्यांना पुढच्या खुणेकडे ओढत नेत होता. त्या दिवशी कार्यक्रमपत्रिकेवर बेथोव्हेनचा चौथा नव्हता, हे नशीबच. त्याची सुरुवात एकटा पियानोच करतो.